शेवटच्या नळाचं क्लोरीन : गावच्या पाण्याच्या प्रकल्प नोंदी

४ मे २०२५

कारखान्याचं गाळप संपलं की प्रयोगशाळेत आम्हा केमिस्टांना जरा उसंत असते. ती यंदा गावच्या पाण्याला द्यायची, असं आज ग्राम पाणीपुरवठा व स्वच्छता समितीच्या बैठकीत ठरलं. जानेवारीत पुण्यात जीबीएसचे, म्हणजे नसांवर घाला घालणाऱ्या गिया-बारे सिंड्रोमचे, रुग्ण वाढले, संशय दूषित पाण्यावर होता. त्यातले बरेच सिंहगड रस्ता, नांदेड, किरकटवाडी या पट्ट्यातले. आमच्या गावची कितीतरी पोरं तिकडेच खोल्या करून राहतात. तेव्हापासून गावात प्रत्येक बैठकीत एकच विचारणा होते : आपल्या पाण्याचं काय?

उत्तर म्हणून ग्रामपंचायतीने ओटीचं, म्हणजे पाण्यात क्लोरीन असलं की पिवळा रंग देणाऱ्या ऑर्थोटोलिडीन चाचणीचं, रजिस्टर पुढे ठेवलं. सहा महिन्यांची पानं चाळली. रोजची नोंद आहे, सही आहे, खाडाखोड कुठेच नाही. आणि प्रत्येक ओळीत एकच शब्द : ‘पॉझिटिव्ह’. किती पॉझिटिव्ह, कुठल्या नळाला, पाणी सोडल्यावर किती वेळाने, यातलं काहीच त्या शब्दात मावत नाही. म्हणून या कामाची पहिली अट मी बैठकीतच मांडली : यापुढे रजिस्टरात आकडा लिहायचा, आणि तो टाकीखालच्या नळाचा नव्हे, शेवटच्या नळाचा.

योजना थोडक्यात अशी. नीरा उजव्या कालव्याच्या पट्ट्यातली विहीर, तिच्यावर साडेसात एचपीचा पंप, गावठाणाच्या टेकाडावर १ लाख लिटरची उंच टाकी. टाकी भरायला चार तास लागतात. तिथून लाइन चौकात, चौकातून शाळेकडे आणि शेवटी ओढ्यापलीकडच्या खालच्या वस्तीत. पाणी एक दिवसाआड. फिल्टर नाही. विहिरीचं पाणी आणि टीसीएल (ब्लीचिंग पावडर), एवढीच शुद्धीकरणाची भिस्त.

५ मे

सकाळी पाणीवाले अण्णा पाणी सोडत असताना सोबत गेलो. त्यांच्या खिशात ओटीची बाटली कायम असते. काचेच्या नळीत पाणी, त्यात थेंब टाकले, फिकट पिवळसर झाक आली. अण्णा म्हणाले, “आवो भाऊ, पिवळं झालं म्हंजे झालं की.” अण्णा गेली कित्येक वर्षं ऊन-पाऊस न बघता टाकीच्या शिड्या चढताहेत. त्यांना शिकवलं तेवढं ते काटेकोर करतात. आकडा लिहायचा असतो हे त्यांना कुणी सांगितलेलंच नाही.

त्याच पाण्याची मी डीपीडी गोळीने तपासणी केली. क्लोरीन असेल तर ती पाणी गुलाबी करते. टाकीखाली लिटरला ०.२ मिलिग्रॅम, चौकात ०.१, शाळेत अगदी पुसट गुलाबी, खालच्या वस्तीत काहीच नाही. पाणी जसं होतं तसंच नितळ राहिलं. भारतीय मानक १०५०० प्रमाणे ग्राहकाच्या नळाला किमान ०.२ मिलिग्रॅम प्रतिलिटर मुक्त क्लोरीन उरलं पाहिजे, आणि विषाणूंपासून संरक्षण हवं असेल तेव्हा किमान ०.५. आमच्याकडे ०.२ टाकीच्या पायथ्यालाच होतं. पुढच्या वाटेला उरणार काय?

ओटी आणि डीपीडीतला फरक इथे लिहून ठेवतो, कारण समितीतल्या ताईंनी विचारला. ओटीचा पिवळा रंग मुक्त क्लोरीनबरोबर लगेच येतो. पण नळी हातात धरून पाच मिनिटं थांबलं, तर अमोनियाशी जोडलं गेलेलं क्लोरीनही रंग देतं आणि पिवळा गडद होत जातो. ते जोडलेलं क्लोरीन जंतू मारायला फार कमकुवत. म्हणजे गप्पा मारत उशिरा बघितलेली ओटी पाणी आहे त्यापेक्षा चांगलं दाखवते. शिवाय ऑर्थोटोलिडीन आरोग्याला घातक रसायन आहे, त्याचं पाणी हातावर सांडू नये, तपासलेली नळी हौदात तर अजिबात ओतू नये. डीपीडीत पहिली गोळी मुक्त क्लोरीनचाच गुलाबी रंग देते. तिचीही एक खोड आहे. क्लोरीन खूपच जास्त, म्हणजे दहाच्या वर गेलं, तर गुलाबी रंग उडून जातो आणि पाणी बिनक्लोरीनचं वाटतं. नुकतीच टीसीएल टाकलेली टाकी तपासताना हे ध्यानात ठेवायचं.

८ मे

पहिला संशय टीसीएलवर. ग्रामपंचायतीच्या खोलीत अर्धवट उघडी गोणी होती, तोंड नुसतं दुमडलेलं, वर पत्रा, आत भट्टीसारखी उष्णता. नमुना कारखान्याच्या प्रयोगशाळेत आणला. ५ ग्रॅम पावडर खलात पाण्याबरोबर घोटली, ५०० मिली केली, त्यातले २५ मिली घेतले, पोटॅशियम आयोडाइड आणि अॅसेटिक अॅसिड घालून ०.१ नॉर्मल हायपोने (सोडियम थायोसल्फेटने) टायट्रेशन केलं, म्हणजे रंग जाईपर्यंत ते मोजून टाकलं, शेवटी स्टार्च. निळा रंग ९.९ मिलीला गेला. हिशेब केला तर उपलब्ध क्लोरीन जेमतेम १४ टक्के. ताज्या टीसीएलमध्ये ते ३३ टक्क्यांच्या आसपास असतं.

अण्णा एका लाख लिटरच्या टाकीला एक ठरलेला मग भरून टीसीएल टाकतात. मग वजन करून बघितला : ६०० ग्रॅम. १४ टक्क्यांनी त्यातून क्लोरीन मिळतं ८४ ग्रॅम, म्हणजे लिटरला ०.८४ मिलिग्रॅम. विहिरीच्या पाण्यातली घाण त्यातलं ०.६ ते ०.६५ मिलिग्रॅम स्वतःच खाते, आणि टाकीखाली ०.२ उरतं. परवाच्या आकड्याशी हे तंतोतंत जुळलं. टायट्रेशनचा असा निकाल आला की समाधान वाटतं, पण या वेळी काळजीच जास्त वाटली. उन्हाळाभर गाव या मगावर विसंबून होतं.

९ मे

आरोग्य उपकेंद्रातून हॉरॉक्सचा संच आणला. पाण्याला किती टीसीएल लागेल ते त्यावरून ठरतं. आरोग्यसेवकांनी स्वतः येऊन करून दाखवलं, त्यांचे आभार. काळ्या कपात एक सपाट चमचा, म्हणजे २ ग्रॅम टीसीएल कालवून खुणेपर्यंत पाणी, वर नितळ येईपर्यंत थांबायचं. सहा पांढऱ्या कपांत विहिरीचं पाणी. पहिल्यात त्या नितळाचा एक थेंब, दुसऱ्यात दोन, असं सहापर्यंत. ढवळून अर्धा तास ठेवायचं. मग प्रत्येकात स्टार्च-आयोडाइडचे तीन थेंब. ज्या कपात पहिल्यांदा ठळक निळा दिसेल तो क्रमांक धरायचा. पहिला कप असेल तर ४५५ लिटरला २ ग्रॅम, दुसरा असेल तर ४ ग्रॅम, असं पुढे.

जुन्या गोणीच्या पावडरीने दुसरा कप निळा झाला. कारखान्यातल्या ताज्या टीसीएलने पहिलाच. मला या चाचणीचं मोठेपण इथे दिसतं. तिला टायट्रेशन, तराजू, केमिस्ट काही लागत नाही. जी पावडर टाकीत पडणार तीच कपात पडते, त्यामुळे पाण्याची भूकही कळते आणि पावडरीची ताकदही. प्रत्येक नवी गोणी उघडली की हॉरॉक्स, हा नियम समितीने आजच मंजूर केला.

१३ मे

नवी गोणी आली. तपासली, ३२ टक्के निघाली. झाकणाच्या प्लॅस्टिक ड्रममध्ये भरून तळघरासारख्या थंड, कोरड्या खोलीत ठेवली. लोखंडी डबा नको, क्लोरीन त्याला खाऊन टाकतं.

मी सुट्टीच्या पाळीला कारखान्यात असताना अण्णांनी सवयीने तोच मग भरून टाकला. दुपारी गावच्या ग्रुपवर निरोप सुरू : पाण्याला औषधाचा वास, चहा कडवट. टाकीखाली १.२ निघालं. मानकातली वरची मर्यादा १. जागतिक आरोग्य संघटना आरोग्याच्या दृष्टीने ५ पर्यंत चालवून घेते, त्यामुळे घाबरण्यासारखं काही नव्हतं. पण वास आला की लोक नळाचं पाणी सोडून पुन्हा हातपंपाकडे वळतात, आणि तिथे क्लोरीनच नसतं. तोच मग, तेच हात, पावडर बदलली तर पाणी पार वेगळं. मग बाजूला ठेवून छोटा तराजू आणला.

१७ मे

आता टाकीखाली ०.८ येतंय. चौकात ०.६, शाळेत ०.५. आणि खालच्या वस्तीत ०.१. अंतर शाळेपासून फार नाही. क्लोरीन वाटेत थोडं थोडं कमी होतंच, पाइपाच्या आतला गाळ ते खातो, उन्हाने तापलेल्या पाइपात आणखी लवकर जातं. पण ते हळूहळू उतरतं, असं एकदम कोसळत नाही. जिथे आकडा एकदम पडतो, तिथे बाहेरून काहीतरी आत येतंय, असं समजावं.

म्हणून आज खालच्या वस्तीच्या शेवटच्या नळावर ठाण मांडलं. नळ आल्या आल्या पहिलं पाणी : शून्य. पाच मिनिटांनी : शून्य. दहा मिनिटांनी ०.१. वीस मिनिटांनी ०.४. शाळेच्या नळाला पहिलं पाणीच ०.३ होतं. पहिल्या पाण्याचा एक नमुना एच-टू-एसच्या (जंतूंच्या चाचणीच्या) बाटलीत भरून ठेवला, वीस मिनिटांनंतरचा दुसऱ्या बाटलीत.

नळ आला की बायका सगळ्यात आधी पिण्याचा हंडा भरतात. ‘पाणी कधी जाईल सांगता येत नाही’ ही धास्ती त्यामागे आहे. म्हणजे सगळ्यात वाईट पाणी नेमकं पिण्याच्या हंड्यात जातं आणि चांगलं पाणी धुण्याच्या टाकीत. हे कुठल्याही रजिस्टरात येत नाही, कारण रजिस्टर टाकीच्या पायथ्याशी लिहिलं जातं.

१९ मे

पहिल्या पाण्याची बाटली काळी पडली. वीस मिनिटांनंतरची तशीच, रंग बदलला नाही. काळी बाटली म्हणजे विष्ठेतले जंतू असण्याचा दाट संशय. ती बाटली हातात घेऊन मी बराच वेळ उभा होतो. या वस्तीत लहान मुलं आहेत, बाळंतिणी आहेत. संध्याकाळी घरोघरी जाऊन सांगितलं, पहिली पंधरा-वीस मिनिटं पाणी वापरायला भरा, पिण्याचा हंडा नंतर. आशाताई सोबत होत्या. त्यांच्या शब्दाला वस्तीत माझ्या शब्दापेक्षा वजन आहे, आणि ते योग्यच आहे.

२१ मे

लाइन चालत तपासली. ओढ्याजवळच्या व्हॉल्व्ह चेंबरमध्ये गुडघाभर काळं पाणी. पुढे तीन नळजोड गटाराच्या आतून गेलेले, त्यातल्या एकाच्या जॉइंटला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली. पाणी चालू असताना त्यातून थेंब बाहेर येतात, तेव्हा कुणाला धोका वाटत नाही. पण पाणी बंद झालं, पाइप रिकामा झाला, की तीच फट गटार आत ओढते. दोन दिवसांनी पाणी आलं की पहिल्यांदा तेच पुढे ढकललं जातं.

त्याहून वाईट म्हणजे मोटारी. वस्तीच्या वरच्या अंगाला पाच-सहा घरांनी नळाला थेट मोटार लावली आहे. मोटार पाइपातून पाणी खेचते, दाब शून्याखाली जातो, आणि लाइनमधली प्रत्येक फट चोखू लागते. यात कुणी मुद्दाम वाईट करत नाही. दाब कमी म्हणून मोटार, मोटारी म्हणून दाब आणखी कमी, आणि मग शेजाऱ्यालाही मोटार लागते. सरपंचांनी नोटीस काढायचं ठरवलं. मी म्हटलं, आधी दाब सुधारू. वरच्या आणि खालच्या भागाला वेगवेगळ्या वेळी पाणी सोडून बघू. अण्णा तयार झाले, त्यांची पाळी तासाने वाढते तरीही.

२६ मे

सगळं वेळापत्रक पावसाने उधळलं. मे महिन्यात असा पाऊस वडीलधाऱ्यांनाही आठवत नाही. बारामतीकडे नीरा डावा कालवा फुटला, फलटण-माळशिरस पट्ट्यात शेतं तळी झाली. मान्सून आजच मुंबईत पोहोचला. आमच्या विहिरीत ओढ्याचं पाणी शिरलं, पाणी चहासारखं.

हॉरॉक्स लावला. ताज्या पावडरीनेही पहिला कप कोरा, दुसरा निळा. कालपर्यंत पुरत होतं ते आज पाण्याने पूर्ण खाल्लं. हिशेबाप्रमाणे लाखाला साधारण ९०० ग्रॅम टीसीएल. पण नुसतं क्लोरीन वाढवणं मला पटेना. गढूळ पाण्यात मातीच्या कणांच्या आड जंतू लपतात, क्लोरीन तिथवर पोहोचत नाही. आणि सेंद्रिय घाणीशी क्लोरीनचा संयोग होऊन ट्रायहॅलोमिथेनसारखे नको ते पदार्थ तयार होतात. निर्जंतुकीकरणाआधी गढूळपणा उतरलाच पाहिजे, एक एनटीयूच्या (गढूळपणा मोजायचं एकक) जवळ आला तर उत्तम, पाच ही शेवटची हद्द. पंप बंद ठेवला, विहीर निवळू दिली, साठ्यातल्या पाण्याला तुरटी फिरवली. मंदिराच्या भोंग्यावरून सांगितलं : दोन दिवस पाणी गाळून, उकळून प्या. कुणी कुरकुर केली नाही. खरं कारण सांगितलं की लोक ऐकतात, असा माझा अनुभव.

३ जून

पाणी निवळलं. चेंबर उपसून विटांनी उंच केला, गटारातले तिन्ही नळजोड बाहेरून फिरवून घेतले.

टाकीवर ठिबक बसवलं. आतापर्यंत टीसीएल कालवून झाकणातून एकदम ओतली जायची. एका कोपऱ्यात क्लोरीन फार, दुसऱ्यात नाही, आणि चुन्याचा गाळ तळाला. आता टाकीच्या स्लॅबवर १०० लिटरचा प्लॅस्टिकचा ड्रम आहे. त्यात ५२० ग्रॅम टीसीएल कालवून रात्रभर निवळू द्यायची. तोटी तळापासून चार बोटं वर, म्हणजे गाळ ड्रममध्येच राहतो आणि ९० लिटर नितळ मिळतं. पंप चालू असेपर्यंत चार तासांत ते येणाऱ्या पाण्याच्या धारेत पडायचं : मिनिटाला ३७५ मिली. लिटरला क्लोरीन बसतं दीड मिलिग्रॅम.

ड्रम रिकामा होत गेला की धार बारीक होते, ही अडचण होतीच. गावातल्या फिटरने सुचवलं ते फार आवडलं. ड्रमखाली एक छोटा डबा, त्यात कूलरचा प्लॅस्टिकचा फ्लोट. डब्यातली पातळी सारखी राहते, म्हणून धारही सारखी. शाळेतल्या मोजपात्राने तासातासाला मोजली, शेवटच्या तासातही ३६० होती. टाकी भरल्यावर अर्धा तास थांबूनच पाणी सोडायचं. क्लोरीनला काम करायला तेवढा वेळ लागतो. पाण्याचा पीएच ७.६ आहे, तिथे जवळजवळ निम्मं क्लोरीन हायपोक्लोरस आम्लाच्या रूपात असतं, आणि जंतू मारणारं खरं तेच. पीएच साडेआठवर गेला असता तर दहावा हिस्सा उरला असता.

१२ जून

टाकीखाली ०.८, शेवटच्या नळाला पहिलं पाणी ०.२, दहा मिनिटांनी ०.५. दुसऱ्या फेरीतल्या बाटल्यांपैकी एकही काळी नाही. वरच्या-खालच्या वस्तीची वेळ वेगळी केल्यापासून दोन घरांनी आपणहून मोटार काढली.

क्षेत्रीय तपासणी संचाचं प्रशिक्षण घेतलेल्या पाच ताई आहेत. त्यांना आजपासून एकेक नळ वाटून दिला. रंग सावलीत, पांढऱ्या कागदासमोर धरून बघायचा, पिवळ्या बल्बखाली नाही, हे त्यांनीच दोन दिवसांत शोधून काढलं.

२५ जून

वारीची तयारी. मुख्य मार्ग गावापासून थोडा दूर, पण छोट्या दिंड्या आणि त्यांचे ट्रक आमच्या शाळेच्या मैदानावर थांबतात. गाव त्यांना पाणी देतं, ही पिढ्यांची रीत. या दिवसांत शेवटच्या नळाला ०.५च्या खाली जाऊ द्यायचं नाही, असं ठरलं. एकाच ठिकाणी इतकी माणसं, उघड्यावर मुक्काम, इथे ०.२वर समाधान मानता येत नाही.

टँकर तपासला. भरताना ०.८, तीन तास उन्हात उभा राहिल्यावर शून्य. आतून हात फिरवला तर बुळबुळीत थर. क्लोरीन तोच थर खात होता. घासून, जास्त ताकदीचं टीसीएलचं पाणी भरून रात्रभर ठेवलं, सकाळी ओतून धुतलं. पुन्हा भरला : तीन तासांनी ०.५. टँकर भरताना तपासलेला आकडा वारकऱ्याच्या तांब्यातला आकडा नसतो, म्हणून मैदानावर टँकरच्या तोटीला तपासणारी ताई वेगळी नेमली.

३० जून

माउलींची पालखी आज नातेपुत्यात. मैदान भरून गेलं. पहाटे चारपासून अण्णा टाकीवर होते. दर दोन तासांनी शेवटच्या नळाचा आकडा ग्रुपवर : ०.६, ०.६, ०.५, ०.४. चौथा आकडा आल्या आल्या अण्णांनी ठिबकाची धार वाढवली, कुणी सांगायच्या आधी. पुढचा ०.६.

एका म्हाताऱ्या माउलींनी ताईंच्या हातातली गुलाबी नळी बघून विचारलं, “बाई, हे काय सरबत?” ताईंनी सगळं समजावून सांगितलं. आजींनी तांब्या पुढे केला, “मग हेबी बघ.” त्यांच्या तांब्यातलं पाणी आदल्या मुक्कामाचं होतं, रंग आला नाही. ताईंनी तांब्या धुऊन नळाचं भरून दिलं.

९ जुलै

एकादशी होऊन गेली, दिंड्या परतीला लागल्या. आरोग्य उपकेंद्रात आमच्या गावातून या पंधरवड्यात जुलाबाची साथ म्हणावी असं काही आलेलं नाही. यात पाण्याचा वाटा किती हे या एका आकड्यावरून सांगता यायचं नाही, म्हणून रजिस्टरात तसं लिहू दिलं नाही.

रजिस्टरची नवी पानं छापून घेतली. ‘पॉझिटिव्ह’चा रकाना काढून टाकला. त्या जागी पाच : वेळ, टाकीखाली, शाळा, शेवटचा नळ पहिलं पाणी, शेवटचा नळ दहा मिनिटांनी. ०.२च्या खाली आकडा असेल तर त्या दिवशी काय केलं, ते मागच्या पानावर.

बाकी राहिलेलं : वरच्या अंगाच्या चार मोटारी अजून आहेत. ओढ्यापलीकडची जुनी लाइन बदलण्याचा प्रस्ताव ग्रामसभेपुढे ठेवायचा आहे, त्याला १७ मेच्या नोंदींची प्रत जोडली. जिल्हा प्रयोगशाळेत पाठवलेल्या नमुन्यांचा अहवाल यायचाय. टीसीएलची पुढची मागणी तीन महिन्यांपुरतीच करायची, वर्षाची एकदम नाही. गाळप सुरू झालं की मला रोज येता येणार नाही. हॉरॉक्सचा संच आणि तराजू आज अण्णांच्या ताब्यात दिला, डीपीडीच्या गोळ्या ताईंकडे. शुक्रवारी नवी गोणी उघडायची आहे, त्या दिवशीचे सहा कप अण्णा लावणार.